वणवा, सॅटेलाइट आणि पैशांचा हिशोब: सारखे विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. कुणी ठिपक्यांच्या नकाशाचा स्क्रीनशॉट पाठवून विचारतं हे काय आहे, कुणी विचारतं एवढा खर्च करून उपयोग काय. गेली काही वर्षं आमच्या भागातल्या पोरांबरोबर वणवे विझवायला जातोय आणि सॅटेलाइटवरून येणारे आगीचे अलर्टही रोज बघतोय, त्यामुळे तीच तीच उत्तरं पुन्हा टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलंय. प्रश्नांना नंबर दिलेत, एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर तिकडे बघा.

१. सॅटेलाइटला आग दिसते म्हणजे नक्की काय दिसतं? ज्वाळांचा फोटो येतो का?

फोटो नाही येत, उष्णता दिसते. जळतं गवत किंवा लाकूड शेकडो अंश तापलेलं असतं आणि त्यातून साधारण ४ मायक्रॉनच्या आसपासचे इन्फ्रारेड किरण जोरात निघतात, थंड जमिनीतून ते फारच कमी निघतात. सॅटेलाइटवरचा सेन्सर जमिनीचे चौकोन पाडून बघतो आणि एखादा चौकोन शेजारच्यांपेक्षा फारच गरम दिसला की तिथे ठिपका टाकतो.

सध्या जास्त वापरात असलेला सेन्सर म्हणजे व्हीआयआयआरएस, त्याचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे जवळपास १४ हेक्टर. त्याआधीचा मोडिस १ किलोमीटरचा, म्हणजे १०० हेक्टर. पण आग दिसायला अख्खा चौकोन पेटलेला लागत नाही, त्याच्या छोट्याशा कोपऱ्यात जरी नीट पेटलेलं असेल तरी चालतं. फक्त त्या १४ हेक्टरमध्ये नेमकी कुठे आहे ते ठिपका सांगत नाही, ते जाऊनच बघावं लागतं.

२. हे मेसेज कोण पाठवतं, मला मिळतील का, आणि पैसे किती?

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था पाठवते, म्हणजे आपण एफएसआय म्हणतो ती. २००४ पासून मोडिसवर सुरू केलं, २०१७ पासून व्हीआयआयआरएसही आलं. हैदराबादच्या एनआरएससीकडे, म्हणजे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडे, डेटा उतरतो, तो डेहराडूनला जातो, तिथे जंगलाच्या हद्दीशी जुळवून बघतात आणि मग थेट बीटपर्यंत (एका वनरक्षकाच्या ताब्यातला भाग) एसएमएस जातो. हे फक्त वनखात्यासाठीच आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण कुणीही त्यांच्या साइटवर नंबर देऊन आपला जिल्हा निवडू शकतं. एक रुपयाही लागत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे फर्म्स, आगीचे ठिपके दाखवणारी नासाची साइट. नकाशा उघडा, आपला डोंगर शोधा, ईमेल अलर्ट लावा, तेही फुकट. आपल्याकडचा डेटा तिथे साधारण ३ तासांच्या आत दिसतो. मी दोन्ही लावलेत, का ते ९व्या प्रश्नात.

३. पैसे वाचतात म्हणता, पण कसे? सॅटेलाइट काय पाणी मारतो का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे आणि प्रश्न योग्यच आहे. नुसत्या माहितीने काही विझत नाही, त्या माहितीमुळे कुणीतरी काहीतरी वेगळं केलं तरच तिला किंमत येते. मेसेज आला आणि कुणी उठलंच नाही तर त्या मेसेजची किंमत शून्य, मग वरचा सॅटेलाइट कितीही महाग असू दे.

किंमत येते ती वेळेतून. समजा सपाट माळावर आग चारी बाजूंनी तासाला १०० मीटर पुढे सरकतेय. तासाभराने जळालेलं क्षेत्र साधारण ३ हेक्टर, दोन तासांनी साडेबारा, तीन तासांनी २८, चार तासांनी ५०. तास चौपट झाले तर क्षेत्र सोळापट. (डोंगरावर वारा आणि चढ असतो त्यामुळे गणित एवढं सरळ नसतं, बहुतेक वेळा याहून वाईटच असतं.) म्हणजे पहिल्या तासात पोचलेली पाच माणसं जे काम करतात ते चौथ्या तासाला पन्नास जणांनाही जड जातं. फरक पैशातही तसाच पडतो, कारण माणसं वाढली की गाड्या, डिझेल, जेवण, दुसऱ्या दिवसाची मजुरी सगळंच वाढतं.

आणि आग हाताबाहेर गेली की मग हेलिकॉप्टर. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्य आणि आजूबाजूला एकामागून एक आगी लागल्या तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बादल्या लटकवून पाणी टाकत होती. उत्तराखंडात एप्रिल २०२४ ला नैनीतालच्या आगीसाठी भीमतालातून पाणी उचललं. तिथे ते करणं भागच होतं, पण तासभर उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या खर्चात एका गावाची वणवा-टोळी अख्खा सीझन चालेल.

अमेरिकेत हा खर्च कागदावर दिसतो. तिथे केंद्र सरकारच्या यंत्रणांनी नुसतं आग विझवण्यावर २०२१ साली सुमारे ४४० कोटी डॉलर घातले. बिल एवढं मोठं असलं की लवकर कळण्याने त्यातला थोडासा भाग वाचला तरी तो आकडा मोठा असतो.

४. भारतात वणव्यांमुळे वर्षाला किती नुकसान होतं?

वर्ल्ड बँक आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचा २०१८ चा एक रिपोर्ट आहे, त्यात वर्षाला कमीत कमी १,१०१ कोटी रुपये म्हटलंय, २०१६ च्या किमतीने. 'कमीत कमी' हा शब्द महत्त्वाचा आहे. लाकूड मोजता येतं, पण पहिल्या पावसात डोंगरावरून वाहून जाणारी माती, आटलेला झरा, जळालेली अंडी, उन्हाळ्यात गुरांसाठी राखून ठेवलेलं गवत, हे कुणी कुठल्या भावाने मोजायचं?

कोकणातलं एक उदाहरण सांगतो. डोंगरावरून वणवा खाली उतरला आणि काजूच्या बागेत शिरला तर पंचनाम्यात येतं 'अमुक इतकी कलमं जळाली'. पण कलम लावल्यापासून चांगलं उत्पन्न सुरू व्हायला पाच-सात वर्षं लागतात, पाणी घालायला बाई डोक्यावरून हंडे नेते, ती वर्षं कागदावर येत नाहीत. मला सगळ्यात जास्त याचा त्रास होतो, म्हणून हा आकडा कुणी 'एवढंच?' म्हणून विचारला की मी हेच उत्तर देतो.

त्याच रिपोर्टमध्ये कामाची आणखी एक गोष्ट आहे. २००३ ते २०१६ मध्ये सॅटेलाइटने टिपलेल्या आगींपैकी ४४ टक्के फक्त २० जिल्ह्यांत होत्या, आणि त्या जिल्ह्यांची जमीन देशाच्या ३ टक्के. हे जुन्या ठिपक्यांतूनच कळलं. पैसा सगळीकडे थोडा थोडा वाटायचा की या जिल्ह्यांत जास्त लावायचा हे ठरवायला याच्यापेक्षा स्वस्त साधन नाही. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीत सर्वात जास्त ठिपके दिसतात, तेव्हा फायर वॉचर आणि पाला उडवायचे ब्लोअर आधी कुठे जायला हवेत हे सांगायला वेगळ्या सर्व्हेची गरज नाही.

५. सॅटेलाइटला शेकडो कोटी लागतात, मग डेटा फुकट कसा परवडतो?

एक तर हे सॅटेलाइट फक्त वणव्यासाठी नसतात. व्हीआयआयआरएस ज्यांवर बसवलाय ते मुळात हवामानाचे सॅटेलाइट आहेत, ढग, समुद्राचं तापमान, बर्फ सगळं तेच बघतात, आगीची माहिती त्यातच मिळून जाते. दुसरं म्हणजे एकदा डेटा तयार झाला की तो एकाला द्या नाहीतर लाखाला द्या, जादा खर्च जवळजवळ नाही.

अमेरिकेच्या लँडसॅट या सॅटेलाइटचं उदाहरण बघा. पूर्वी एका चित्राला सुमारे ६०० डॉलर पडायचे, त्यामुळे लोक हात आखडून घ्यायचे. २००८ मध्ये सगळं फुकट केलं आणि वापर कैक पटींनी वाढला. २०१७ या एका वर्षात वापरणाऱ्यांना झालेला फायदा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने ३४५ कोटी डॉलर काढलाय. युरोपचा सेंटिनेल-२ सॅटेलाइट तर पहिल्यापासूनच फुकट आहे.

६. आग विझल्यावर या डेटाचा काय उपयोग?

खूप आहे, आणि लोकांना हे माहीतच नसतं. विझल्यावरचं काम म्हणजे कुठे किती खोल जळलंय ते बघणं, कारण जिथे मुळापर्यंत जळतं तिथली माती पाणी मुरू देत नाही आणि पहिल्या मोठ्या पावसात चिखल होऊन खाली येते.

अमेरिकेत आग आटोक्यात आल्यावर सात दिवसांत ही माती कशी थोपवायची याचा प्लॅन द्यावा लागतो. पूर्वी हेलिकॉप्टरमधून बघून हाताने नकाशे काढायचे. आता आगीआधीचं आणि आगीनंतरचं लँडसॅटचं चित्र एकमेकांतून वजा करतात, जिवंत पाला आणि जळलेली जमीन इन्फ्रारेडमध्ये वेगवेगळी दिसतात त्यामुळे जळण्याची तीव्रता रंगांत समोर येते. आयडाहोमधल्या २०१३ च्या आगींवर नासा आणि रिसोर्सेस फॉर द फ्यूचर या संस्थेच्या गटाने अभ्यास केला, त्यांचा हिशोब असा की हेलिकॉप्टरऐवजी सॅटेलाइटची चित्रं वापरली तर पाच वर्षांत ३.५ कोटी डॉलरपर्यंत वाचतात. सॅटेलाइट डेटाची किंमत नीट रुपया-पैशात मांडलेली जी थोडी उदाहरणं आहेत त्यात मला हे सगळ्यात प्रामाणिक वाटतं, कारण 'आधी काय करत होतो आणि आता काय करतो' एवढाच फरक मोजलाय.

आपल्याकडेही करता येतं. सेंटिनेल-२ चं चित्र १० मीटरचं असतं आणि दर पाच दिवसांनी मिळू शकतं. जून यायच्या आत कुठल्या उतारावर बांध घालायचे, कुठे बी टाकायचं हे त्यावरून ठरतं. उन्हाळ्यात आपल्याकडे आकाश मोकळं असतं, चित्रं छान येतात, आणि तरीही हे काम फार कमी ठिकाणी होतं.

७. आग संध्याकाळी चारला लागली आणि मेसेज रात्री पावणेतीनला आला. काय उपयोग?

राग बरोबर आहे. व्हीआयआयआरएसवाले तिन्ही सॅटेलाइट (सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१) आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या आसपासच जातात, थोड्या थोड्या अंतराने. म्हणजे दुपारची फेरी संपल्यावर लावलेली आग रात्रीपर्यंत कुणाच्या नजरेला पडत नाही, आणि आपल्याकडे बरेच वणवे नेमके त्याच वेळात लागतात. त्यात डेटा उतरून मेसेज निघेपर्यंत आणखी वेळ जातो.

तरीही रात्रीचा मेसेज वाया नाही. मागे एकदा दोन चाळीसला फोन वाजला. अक्षांश-रेखांश नकाशात टाकले तर डोंगराच्या मागच्या उताराला, गावातून काही दिसत नव्हतं, धुराचा वासही नव्हता कारण वारा पलीकडे. सात जण गेलो. रात्री हवेत ओल असते, वारा पडलेला असतो, आग गुडघ्याच्या खाली येते, गवताच्या कडेने नुसती सरपटत असते. निरगुडीच्या ओल्या फांद्यांनी झोडपत गेलो आणि उजाडायच्या आत आगीची रेघ विझवून बंद केली. सकाळी आठनंतर वारा सुटल्यावर तीच आग सात जणांना जुमानली नसती, आणि पलीकडे राखलेलं गवत होतं, चार वाड्यांच्या गुरांचं. म्हणून मी सांगतो, रात्रीच्या मेसेजला आवाज बंद ठेवू नका.

८. मग सतत बघणारा सॅटेलाइट का नाही लावत?

आहेत की. आपले इन्सॅट-३डीआर आणि ३डीएस एकाच जागी राहून दर अर्ध्या तासाने बघतात. पण ते ३६ हजार किलोमीटरवर असतात, इन्फ्रारेडचा चौकोन ४ किलोमीटरचा, म्हणजे १,६०० हेक्टर. एवढ्यात गवताची छोटी आग हरवून जाते. जवळून बघणारा दिवसातून मोजक्या वेळा येतो आणि सतत बघणारा लांबून बघतो, असा पेच आहे.

यावर फायरसॅट म्हणून नवा प्रयत्न चाललाय, मार्च २०२५ मध्ये पहिला चाचणी सॅटेलाइट वर गेला. ५० हून जास्त सॅटेलाइट सोडून ५ बाय ५ मीटरची आग दर २० मिनिटांनी शोधायची असं त्यांचं ध्येय आहे. जमलं तर ३ऱ्या प्रश्नातलं तासांचं गणितच बदलेल.

९. आमच्या डोंगराला आग लागली होती, मेसेज आलाच नाही. असं का?

कारणं बरीच असू शकतात. फेऱ्यांच्या मधल्या वेळात लागून विझली (प्रश्न ७), दाट झाडीखाली नुसता पालापाचोळा जळत होता, ढग होते, किंवा आग फारच बारीक होती. आणखी एक कारण फार जणांना माहीत नसतं: एफएसआयचे अलर्ट जंगलाच्या हद्दीवरून गाळलेले असतात. तुमचा मालकीचा माळ किंवा बाग त्यात नसेल तर मेसेज येणार नाही. फर्म्सवर असं गाळलेलं नसतं, म्हणून दोन्ही लावा.

आणि नजरेला आग दिसली तर सॅटेलाइटची वाट बघू नका, वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइन नंबरला फोन करा.

१०. मेसेज आला, धावत गेलो, तिथे वीटभट्टी निघाली. अशा खोट्या फेऱ्यांचा खर्च कोण देणार?

वीटभट्टी, शेतातलं जाळलेलं धसकट, कारखान्याची चिमणी, कोळसा खाणीची आग, सगळ्यांचे ठिपके येतात. चंद्रपूरकडच्या लोकांना हे चांगलं माहीत आहे. समजा एका फेरीला १,५०० रुपये लागले आणि दहातल्या चार फुकट गेल्या, तर ६,००० रुपये गेले. उरलेल्या सहांपैकी एक जरी बाग वाचली तर हिशोब कुठल्या कुठे सुटतो. खरा तोटा वेगळाच आहे, चारदा फसलेली माणसं पाचव्यांदा उठत नाहीत. म्हणून गावातल्या कायमच्या गरम जागांची यादी करा, तिथला ठिपका आला तर आधी जवळच्या माणसाला फोन करून विचारा. आमच्या फुकट फेऱ्या यानेच खूप कमी झाल्या.

११. यंदा ठिपके कमी आलेत. म्हणजे वणवे कमी झाले, पैसे वाचले असं म्हणायचं का?

घाई नका करू. एकच मोठी आग चार दिवस चालली तर तिचे शेकडो ठिपके पडतात, आणि तासात विझलेल्या वीस आगींचा एकही नाही. देशभरात नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ मध्ये ३,४५,९८९ ठिपके होते, २०२३-२४ च्या सीझनला २,०३,५४४. घट दिसतेच, पण त्यातली अवकाळी पावसामुळे किती आणि कामामुळे किती हे नुसत्या ठिपक्यांवरून नाही सांगता येत. त्यासाठी ६व्या प्रश्नातल्या पद्धतीने जळालेलं क्षेत्र मोजा आणि त्याच्या शेजारी पावसाचे आकडे ठेवा. निधी मागताना किंवा पाठ थोपटून घेताना लोक सोयीचं वर्ष निवडतात, ते बघून वाईट वाटतं.

१२. ठिपका दाखवून नुकसानभरपाई किंवा विमा मिळेल का?

एकट्या ठिपक्यावर मिळालेला मी तरी पाहिला नाही. पंचनामा लागतोच. पण तारीख आणि वेळ यावरून वाद झाला तर ठिपका कामी येतो, आणि सेंटिनेलची आधीची-नंतरची चित्रं जोडली तर 'इथे बाग होतीच कशावरून' हा प्रश्न मिटतो. पीक विम्यात नैसर्गिक आग असा शब्द असतो, माणसाने लावलेला वणवा त्यात बसवणं अवघड जातं, तेव्हा पॉलिसी हप्ता भरायच्या आधी वाचा. आणि पंचनाम्याला तलाठ्यांना त्याच आठवड्यात न्या, नवं गवत उगवलं की काळं काही शिल्लक राहत नाही.

१३. मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्त्याला फुटवा यावा म्हणून आम्हीच पाला जाळतो. आमच्यावर पण ठिपका येणार का?

येऊ शकतो, आणि राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. पण मला यात धाक दाखवायचा नाहीये. मोहाच्या पंधरा दिवसांत एखाद्या घराच्या हातात वर्षातली मोठी रोकड येते, पाल्यात पडलेलं फूल सापडत नाही, म्हणून पाला जाळतात, यामागे सरळ पोटाचा हिशोब आहे. मग उत्तरही हिशोबातच द्यायला हवं: झाडाखाली बांधायला जाळ्या द्या, तेंदूची छाटणी करायची मजुरी द्या. कुठल्या गावांच्या आसपास दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये ठिपके येतात ते जुन्या नकाशात स्पष्ट दिसतं, आधी त्या गावांना जाळ्या द्या. गुन्हे दाखल करायला तोच नकाशा वापरला तर लोक वणवा विझवायला यायचेच बंद होतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

१४. ग्रामपंचायतीकडे पंचवीस-तीस हजार आहेत. ड्रोन घेऊ का?

नको. आग कुठे आहे हे फुकट कळतंय, तिथवर पोचून विझवायला साधनं नाहीत, ही आपली अडचण आहे. जानेवारीत जाळरेषा (आग अडवायला गवत-पाला काढून केलेला मोकळा पट्टा) काढायची मजुरी द्या, पेट्रोलवरचा एक ब्लोअर घ्या, हेडटॉर्च घ्या, जाड तळव्याचे बूट घ्या, पाण्याचे कॅन घ्या. एका कागदावर रात्री फोन उचलणाऱ्या दहा जणांचे नंबर लिहून तो शाळेच्या आणि दुकानाच्या भिंतीवर लावा, आणि ज्यांच्या फोनवर अलर्ट येतो अशी निदान तीन माणसं ठेवा, कारण एकाची बॅटरी संपलेली असते आणि दुसरा लग्नाला गेलेला असतो.